पळी कोणाच्या हातात?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर एक गरोदर बाई राहते. सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत बाई तीच. काठाची हिरवी साडी, केसांत गजरा, चेहऱ्यावर समाधान आणि समोर ताट. ताटात पोळी, वरण, भात, पालेभाजी, उसळ, अंडं, शेजारी दुधाचा पेला आणि फळांची परडी. परडीत हटकून सफरचंद, मग गाव भले केळीच्या बागांनी वेढलेलं असो. भोवतीनं सूचना छापलेल्या. दिवसातून चार वेळा खा. दुपारी दोन तास विश्रांती घ्या. जड वस्तू उचलू नका. आनंदी राहा. सगळ्या सूचना वैद्यकशास्त्राला धरून आहेत, त्यांत खोट काढण्यासारखं काही नाही. फक्त चित्र जरा निरखून पाहिलं की एक गोष्ट खटकते: या बाईच्या घरात दुसरं कोणी राहतच नाही. सासू नाही, नवरा नाही, दीर-जावा नाहीत, आधी जेवून उठायची पुरुषांची पंगत नाही, दाराशी वैरणीसाठी हंबरणारी म्हैस नाही. दुपारी आडवं व्हायचं तर तिला कोणाचं तोंड बघायचं नाही. अंडं कोणी आणलं, किती आणली, ती आधी कोणाच्या पानात पडली, हे प्रश्न चित्रकाराला पडलेले नाहीत. महाराष्ट्रातली सर्वांत स्वतंत्र स्त्री बघायची असेल तर ती त्या भिंतीवर आहे.

आई आणि मूल यांच्यासाठी आपण जी सरकारी यंत्रणा उभी केली आहे, ती आयुष्यभर या भिंतीवरच्या बाईशीच बोलत आली आहे, असं माझं म्हणणं आहे. घरातली खरी बाई सुईसाठी दंड पुढे करू शकते, कार्ड सांभाळू शकते, सांगितलेल्या तारखेला केंद्रात येऊ शकते. पातेल्यातली पळी मात्र दुसऱ्याच्या हातात असते, आणि पैशाचा बटवा तिसऱ्याच्या. लग्नाच्या यादीवर घरच्या थोरांना वगळून एकट्या नवरीशी चर्चा करावी, तसा हा व्यवहार आहे. नवरी बिचारी सगळ्याला मान हलवील, आणि आपण ‘बैठक यशस्वी’ असं लिहून उठू.

हे नुसतं टवाळीचं बोलणं नव्हे, याला आकड्यांचा आधार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळजवळ ९५ बाळंतिणी दवाखान्यात बाळंत झालेल्या आढळल्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता, आणि आपल्या पुढे एकटं केरळ. ज्या राज्यात सरकारी रस्त्यावरचा खड्डा तीन मुख्यमंत्री पाहून जातो, तिथे हे होणं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर आणि दारोदार हिंडणाऱ्या आशाताई यांना त्याचं श्रेय बिनशर्त द्यायला हवं. आता त्याच सर्वेक्षणाचं पान उलटा. पाच वर्षांखालची खुरटलेली मुलं चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, ३४.४ टक्के होती. पाचव्या फेरीत ३५.२ झाली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं तेव्हा २५.६ टक्के होती आणि नंतरही २५.६ टक्केच. दशांश चिन्हसुद्धा जागचं हललं नाही. सरकारी कामात एवढं सातत्य क्वचितच दिसतं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर चढला. रक्त मोजायच्या पद्धतीवरून तज्ज्ञ आपसांत भांडतात, त्यांना भांडू द्यावं. कुठल्याही पद्धतीने मोजलं तरी ही अभिमानाने फ्लेक्सवर लावायची गोष्ट ठरत नाही.

एकाच यंत्रणेची, त्याच माणसांची, त्याच गावातली ही दोन प्रगतिपुस्तकं इतकी वेगळी कशी? जे काम एका दिवसात, एका जागी, एका सहीवर पुरं होतं, त्यात आपण पहिल्या बाकावर आहोत. बाळंतपणाला १०८ ची गाडी येते, बाई नेली जाते, मोकळी होऊन परत येते. पेंटाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात टोचायची. टोचली की कार्डावर तारीख पडली. या कामांना घरातून एकदा होकार मिळाला की पुरतो, आणि जिवाचा प्रश्न असला की आपल्याकडे होकार मिळतोही. पण बाळ पोटात राहिल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंतचे जे हजार दिवस मोजले जातात, त्यांतल्या एकेका दिवशी कोणीतरी त्या पोरीच्या ताटात पळीभर जास्त वाढायला हवं. हजार दिवस, दोन वेळा, पळीभर जास्त. तिथे १०८ ची गाडी येत नाही.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराचं पाकीट घ्या. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे. त्यानुसार गरोदर आणि स्तनदा मातेला रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. त्या हिशेबानं शिधा येतो, सेविका तो वजन करून देते, सही घेते. हा शिधा योग्य बाईच्याच हाती पडतो ना, याची काळजी सरकारला इतकी लागली की १ जुलै २०२५ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. बाई अंगणवाडीच्या दारात उभी राहते, सेविका मोबाईल तिच्या तोंडासमोर धरते, रेंज येते, जाते, डोळे मिचकवायची सूचना होते, बाई डोळे मिचकवते, पोर रडतं, शेवटी चेहरा जुळतो. शासनाच्या दृष्टीने इथे पोषण संपन्न झालं. मग ते पाकीट पिशवीतून घरी जातं आणि ओट्याशेजारच्या मोठ्या डब्यात रिकामं होतं. त्या डब्यातून आजोबांना पथ्याचा सांजा होतो, शाळेतून आलेल्या पुतण्याला लाडू होतात, अचानक आलेल्या पाहुण्याची सोय होते. चव फारच सरकारी असली तर म्हैसही वाटेकरी होते. पाकीट नेणारीचा चेहरा तपासायला यंत्र आहे. पाकीट खाणाऱ्यांचे चेहरे तपासायचे ठरवलं तर फोनची मेमरी भरेल. आणि यात कोणी चोर नाही, हे लक्षात ठेवा. एकाच डब्यातून सगळ्यांनी खायचं ही आपल्या घरांची रीत आहे, आणि एका माणसाच्या नावाचं अन्न घरात वेगळं झाकून ठेवणं ही आपल्याकडे चांगल्या संस्काराची खूण मानत नाहीत. सुनेने तसं करून बघावं, गावभर होतं.

रक्तवाढीच्या गोळ्यांचंही तेच. गरोदरपणात १८० गोळ्या, बाळंतपणानंतर आणखी १८०. सिस्टर गोळ्या हातात ठेवते, कार्डावर खूण करते, आणि सून मान हलवते. घरी मात्र या गोळ्यांविषयी स्वतंत्र शास्त्र तयार असतं. गोळ्यांनी उष्णता होते. गोळ्यांनी बाळ काळं होतं. शौचाला काळं होतं, त्याअर्थी पुरावाही हजर. गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि मग अडतं. जास्त खाल्लं तरी अडतं, म्हणून शेवटच्या महिन्यांत जरा बेतानंच जेवावं. आणि या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारं वाक्य: “अहो ताई, आम्ही सात बाळंतपणं केली, एक गोळी खाल्ली नाही!” या सातांपैकी किती जगले, हे विचारायची टाप आशाताईत नसते, कारण तिची स्वतःची सासूही पुढच्याच गल्लीत राहते. गोळी खायची की पत्र्याच्या डब्यात साठवायची, हा निर्णय अशा रीतीने सिस्टर, डॉक्टर आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांना वगळून होतो. बाळाचं वजन करण्यालाही थोरल्यांचा असाच आक्षेप असतो, कारण मोजलेल्या बाळाला दृष्ट लागते. काटा, झोळी, तक्ता सगळं हजर असतं. बाळ मात्र आजीच्या पदराखाली.

इथे कोणी म्हणेल की ही सासवांची नालस्ती झाली, आणि तीही जुन्या नाटकातली. तसा उद्देश नाही. आपल्या घरांत शेवटी जेवणाऱ्यांचा जो क्रम आहे, त्यात सुनेच्या वर एक पायरी सासू आहे, आणि ती पायरी चढायला तिला तीस वर्षं लागली आहेत. शिवाय तिच्या शास्त्रात सगळंच टाकाऊ नाही. अळिवाची खीर आणि अळिवाचे लाडू ती बाळंतिणीला करून घालते, आणि अळीव लोहाने भरलेले असतात, हे पोषणशास्त्र तिच्यानंतर बऱ्याच उशिरा सांगायला आलं. डिंक, मेथी, खसखस, शेक, मालिश एवढा पसारा ती एकहाती चालवते. घरात बाळंतपणाचा अनुभव असलेली ती एकमेव व्यक्ती. आणि आपली यंत्रणा तिच्याकडे एक अडथळा म्हणून बघते, किंवा बघतच नाही. पहिल्या दुधाचा चीक फेकू नये, हे सांगायला आशाताई बाळंतिणीच्या कानाशी लागते, तेव्हा बाळ कोणाच्या मांडीवर असतं? सांगायचं तर मांडीला सांगा.

दुसरा आक्षेप: आता एकत्र कुटुंबं राहिली कुठे? शहरात आणि तालुक्याच्या गावीही दोन खोल्यांत नवरा-बायको राहतात, पळी सुनेच्याच हातात असते. असते खरी, पण सकाळ-संध्याकाळ फोन येतो. पळी व्हिडिओ कॉलवर चालते, हे कोणत्याही नव्या आईला विचारावं. आणि जिथे फोनही नाही, तिथे बटवा आहे. अंडी आणायची की मोबाईलचा हप्ता भरायचा हे ठरवणारा गृहस्थ आरोग्य केंद्रात बायकोला मोटरसायकलवरून आणून सोडतो आणि आवाराबाहेरच्या कडुलिंबाखाली थांबतो. आत त्याला कोणी बोलावत नाही, त्याचीही आत यायची इच्छा नसते. या एका बाबतीत शासन आणि जनता यांच्यात संपूर्ण एकमत आहे. तपासण्या होतात, सल्ला दिला जातो, तो बाहेर रील बघत असतो. बरीच वर्षं या सगळ्या खटाटोपात बापाचा एकच कागदोपत्री उपयोग होता. प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ साली आली तेव्हा पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या ५००० रुपयांच्या अर्जाला नवऱ्याचं आधार कार्ड जोडावं लागे. पुढे ती अट सुधारली, आणि सोडून गेलेल्या नवऱ्यांच्या बायकांची सोय झाली, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर बापाची उरलीसुरली नोकरीही गेली.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. सासू-नवऱ्याच्या गोष्टी कसल्या सांगता, खरं कारण गरिबी आहे. पातेल्यातच नसेल तर पळी काय वाढणार? हे मान्य. आणि सरकारची पळीही काही खोल नाही. अंगणवाडीच्या आहारासाठी २०१७-१८ साली ठरलेला खर्च मुलामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये. टपरीवरचा कटिंग चहा तेवढ्यात मोठ्या मिनतवारीने येईल, आणि इथे त्या पैशांत प्रथिनं बसवायची आहेत. ज्या सेविकेने हा चमत्कार करायचा, तिला मानधनवाढीसाठी डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप करावा लागला. आशांना २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक पुरस्कार दिला, पण किराणा दुकानात पुरस्कार चालत नाही. हे सगळं बदलायलाच हवं. पण नुसती गरिबीच कारण असती, तर खातीपिती घरं रक्ताने लालबुंद दिसली असती. तशी ती दिसत नाहीत. ज्या घरात दाराशी ट्रॅक्टर आहे, त्या घरची सूनही फिकटच आहे. पातेलं भरलेलं असूनही ती शेवटी जेवते आणि तळाचं खाते.

आपल्या समाजाला हे कळलं नव्हतं असं नाही. सरकारच्या कितीतरी आधी त्याने यावर एक तोडगा काढून ठेवला आहे: पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची, आणि पोर आईकडे धाडायची. वरवर हा कौतुकाचा भाग दिसतो, पण आतला हिशेब सरळ आहे. शेवटचे दोन-तीन महिने आणि बाळंतपणानंतरचा सव्वा महिना पळी आईच्या हाती जाते. तिथे पोरीला दुपारी झोपायला कोणाला विचारावं लागत नाही, आणि अंडं तिच्याच पानात पडतं. भिंतीवरच्या बाईला वर्षभर मिळणारी चैन खऱ्या बाईला एवढे दिवस मिळते. या व्यवस्थेचा ताप होतो तो फक्त नोंदवहीला. नोंदणी सासरच्या सिस्टरकडे, बाळंतपण माहेरच्या, मधली तपासणी दोघींकडेही नाही, आणि शिधा सासरच्या अंगणवाडीत. सेविकेच्या अकरा नोंदवह्यांत या बाईसमोर ‘स्थलांतरित’ असं लिहिलं जातं. डोहाळे पुरवून घ्यायला गेलेली पोर सरकारदरबारी फाळणीतली निर्वासित होते. गंमत म्हणजे हेच शहाणपण सरकारने एकदा स्वतःही वापरलं. आदिवासी भागांत प्रसूतीच्या आधी चार दिवस बाईने आरोग्य केंद्रात येऊन राहावं म्हणून खोली बांधली आणि तिचं नाव ठेवलं ‘माहेरघर’. त्या खोलीत ती एकटी येत नाही, बरोबर घरचं माणूस येतं, लहानगं येतं. आईच्या स्वयंपाकघराची सर तिला नसेल, पण बाई एका घरातली असते हे निदान तिथे कोणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

जिथे जिथे हे ध्यानात आलं, तिथे काय झालं याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांमध्ये गावातल्याच बायका शिकवून तयार केल्या. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासत, ऊब देत, आणि आईबरोबर आजीलाही समजावत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. श्रेय त्यातल्या अनेक गोष्टींना आहे, जंतुसंसर्गावरच्या औषधाला तर नक्कीच. पण औषध देणारी बाई ओसरीत न थांबता बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि आजीच्या शेजारी बसली, ही गोष्ट त्या आकड्यातून वजा करता येत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी शेतकरी मंडळं काढून आधी पुरुषांना शेती आणि जनावरांच्या प्रश्नांवरून जवळ केलं, आणि बोलता बोलता गोष्ट बायका-मुलांच्या आरोग्यावर नेली. कडुलिंबाखाली उभा असलेला माणूस म्हशीच्या आजारासाठी आत येतो, हे ओळखायला माणसांची पारख लागते.

गडचिरोलीच्याच धड्यावरून देशभरच्या आशाताई आता बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जातात. तेव्हा ‘यंत्रणा घरात जात नाही’ असं म्हणता येणार नाही, असा शेवटचा आक्षेप कोणी घेईल. जाते, आणि जाते म्हणूनच बाळं वाचली. पण सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, आणि ते भरलेल्या तक्त्यावर मिळतात. तक्त्यात बाळाचं वजन आहे, ताप आहे, नाळ आहे, आई दूध पाजते का आहे. आजीशी बोललात का, असा रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते काम आपल्या देशात पुण्य म्हणून करायचं असतं, आणि आशाताई तेही करतात, उंबऱ्यात चप्पल घालता घालता.

आता एवढं वाचून मंत्रालयात कोणी हे मनावर घेतलंच, तर पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. उत्तरेतल्या राज्यांत कुटुंबनियोजनासाठी ‘सास-बहू संमेलनं’ भरवून झालीच आहेत. आपल्याकडे सप्टेंबरातल्या पोषण महिन्यात रांगोळी, फेरी आणि पाककृती स्पर्धा यांच्या जोडीला सासू मेळावा येईल. मांडव पडेल, पाहुणे दोन तास उशिरा येतील, सासवांना सकस आहारावर भाषण ऐकवलं जाईल आणि तेवढा वेळ सुना घरी पाहुण्यांचा स्वयंपाक करतील. फोटो अपलोड होतील. मग जीआर निघेल. सेविकेच्या अकरा वह्यांत बारावी येईल: सासू हयात आहे, नाही, वेगळी राहते, माहिती देण्यास नकार. ॲपमध्ये सासूचा चेहरा जुळवावा लागेल, आणि डोळे मिचकवा म्हटल्यावर सासू सेविकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. चेहरा नाहीच जुळला तर ओटीपीची सोय असेल. तो तिच्या मुलाच्या मोबाईलवर जाईल, आणि मुलगा त्या वेळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला, फोन लॉकरमध्ये ठेवून.